जुन्या गार्डन ट्रॅक्टरवर पलटी नांगर: जोडणी, जुळवणी आणि पहिली तासे

साठ-सत्तरच्या दशकांतले व्हील हॉर्स, कब कॅडेट, बोलेन्स किंवा जॉन डिअर ११० हे बागेचे छोटे ट्रॅक्टर नुसतं गवत कापण्यासाठी बनलेले नव्हते. जमीन नांगरणं हे त्यांचं हक्काचं काम. तरीही नांगर जोडला की पुष्कळांच्या हाती निराशाच येते: चाकं जागच्या जागी फिरतात, फाळ उसळून वर येतो, माती पलटण्याऐवजी नुसती सरकते. मग ठरलेला सल्ला मिळतो, वजन वाढवा. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या जागी लागू केला जातो. मूळ दोष असा की नांगर सपाट उभ्या ट्रॅक्टरला जुळवलेला असतो, आणि नांगरताना ट्रॅक्टर सपाट उभा नसतोच.

नांगराचा आकार, म्हणजे कापाची रुंदी, इंजिनाच्या ताकदीनुसार घ्या. ७-८ अश्वशक्तीला ८ इंची, १० ते १४ ला १० इंची. १२ इंची नांगर १६ अश्वशक्तीच्या जड ट्रॅक्टरलाच शोभतो.

इंजिनाचं तेल वरच्या खुणेपर्यंत भरा, अर्ध्यावर समाधान मानू नका. यांपैकी अनेक ट्रॅक्टरांत असलेल्या कोहलर के मालिकेच्या एक-सिलिंडरी इंजिनात तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या तळाची पळी तेल उडवते आणि त्यावरच सगळं वंगण चालतं. नांगरताना ट्रॅक्टर सतत एका अंगावर कललेला राहतो. तेल कमी असेल तर पळीला ते पुरेसं मिळत नाही आणि रॉड जातो. सिलिंडरच्या थंडाव्याच्या पात्यांवरचं (फिन्सवरचं) पत्र्याचं आवरण काढून आतला कचरा, उंदरांची घरटी साफ करा. इंजिन हवेवर थंड होतं आणि हवा फ्लायव्हीलच पुरवतं, म्हणून नांगरताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा. वेग कमी हवा असेल तर खालचा गिअर घ्या, थ्रॉटल मिटू नका.

गंजलेला नांगर तसाच जमिनीत घालू नका. माती वळवणारा वक्र पत्रा आरशासारखा गुळगुळीत हवा, नाहीतर माती त्याला चिकटते आणि चिकटलेल्या मातीवर पुढची माती घासत राहते. जुना रंगही काढा. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून आधी ८० नंबर, मग १२० नंबर फिरवा, आणि शेवटचे हात माती ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने मारा. आडव्या रेघा राहिल्या तर त्यांतच माती अडकते.

आता जुळवणी. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

नांगर माती उजवीकडे टाकतो. त्यामुळे पहिली दोन तासे (तास म्हणजे नांगराने पाडलेली चर) सोडली तर उजवी दोन्ही चाकं आधीच्या तासात आणि डावी दोन्ही न नांगरलेल्या जमिनीवर चालतात. तास ६ इंच खोल आणि चाकांमधलं अंतर २८ इंच असेल तर ट्रॅक्टर सुमारे १२ अंश उजवीकडे कलतो. गॅरेजच्या फरशीवर सरळ बसवलेला नांगर त्याच्यासोबत तेवढाच कलतो. परिणामी उजवी बाजू खोल रुतते, तासाच्या भिंतीला टेकून चालणारी डावी पट्टी वर उचलली जाते, भिंत तिरपी कापली जाते आणि नांगराला टेकायला काही उरत नाही. या अवस्थेत तुम्ही कितीही वजन लादा, नांगर सरळ चालणार नाही.

म्हणून ट्रॅक्टर गॅरेजमध्येच तिरका उभा करा. आधी दोन्ही मागच्या टायरांतली हवा सारखी करा. एका टायरात कमी असेल तर पुढची सगळी मापं खोटी ठरतात. मग ६ इंच जाडीचे भक्कम लाकडी ठोकळे डाव्या पुढच्या आणि डाव्या मागच्या चाकाखाली घाला. विटा नकोत, त्या फुटतात. इंजिन बंद, हॅंडब्रेक ओढलेला, उजव्या चाकांना पाचर. आता फरशी म्हणजे तासाचा तळ. नांगर तिच्यावर टेकवा आणि पुढची तीन मापं याच क्रमाने घ्या.

पहिलं, कल. डाव्या पट्टीला ओळंबा किंवा गुण्या लावा. पट्टी फरशीशी काटकोनात हवी आणि फाळाची धार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरशीला लागायला हवी. कल बदलणारे बोल्ट ढिले करून नांगर फिरवा आणि पुन्हा आवळा. आवळताना तो हमखास सरकतो, म्हणून आवळल्यावर ओळंबा पुन्हा लावा. ट्रॅक्टर ठोकळ्यांवरून उतरवल्यावर नांगर वेडावाकडा दिसेल. तसाच दिसायला हवा. डोळ्यांना बरं वाटावं म्हणून तो सरळ करू नका.

दुसरं, टोकाचा झुकाव. फाळाचं टोक फरशीला टेकलं असताना डाव्या पट्टीची मागची टाच पाव ते अर्धा इंच वर हवी. नांगर वजनाने नव्हे, या झुकावाने जमिनीत शिरतो. टाच फरशीला टेकत असेल तर फाळ घसरत राहील. कठीण जमिनीत अर्ध्या इंचाच्या जवळ राहा. त्याहून जास्त झुकाव दिलात तर नांगर टोकावर चालतो, खोल खोल ओढला जातो आणि चाकं फिरू लागतात. फाळाचं टोक झिजून गोल झालं असेल तर कितीही झुकाव देऊन उपयोग नाही, फाळच बदला.

तिसरं, कापाची रुंदी. उजव्या मागच्या टायरच्या आतल्या कडेपासून डाव्या पट्टीपर्यंतचं अंतर नांगराच्या मापाइतकं ठेवा, १० इंची नांगराला १० इंच. अंतर जास्त असेल तर मध्ये न कापलेली पट्टी राहते आणि वरून माती पडल्यामुळे ती दिसतही नाही. नांगर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या स्लीव्ह हिचच्या दोन्ही बाजूंचे बोल्ट थोडे ढिले ठेवा, म्हणजे नांगराला आडवं हलायला जरा जागा राहते. हेच बोल्ट जमीन सपाट करायच्या पात्याला घट्ट आवळायचे असतात, नांगराला नाही.

चकतीचा कोल्टर (नांगरापुढे माती उभी कापणारी चकती) असेल तर तो डाव्या पट्टीच्या रेषेपेक्षा अर्धा इंच डावीकडे आणि नांगरटीच्या निम्म्या खोलीवर ठेवा.

आता वजनाची गोष्ट. कललेल्या ट्रॅक्टरचा भार उजव्या चाकावर जातो, डावं हलकं होतं आणि साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळे हलकं चाक घसरलं की जड चाकही ओढत नाही. म्हणून जास्तीचं वजन डाव्या मागच्या चाकाला लावा. दोन्हीकडे सारखं लावायचा आग्रह धरू नका. टायरांवर चढवायच्या साखळ्याही उपयोगी पडतात. टायरात कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरू नका, जुन्या रिमा आतून खाऊन टाकतं. पुढची चाकं उचलली जात असतील तर पुढेही वजन द्या. नांगर सोडून दुसरं काही ओढायचं असेल तर साखळी मागच्या ॲक्सलच्या वर कधीही बांधू नका. ट्रॅक्टर मागे उलटतो आणि उडी मारायला वेळ मिळत नाही.

जमीन वापशावर असतानाच नांगरा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. फुटली तर ठीक, चिखलासारखी दबली तर थांबा. ओली नांगरलेली चिकण माती वाळून दगडासारखी ढेकळं होते.

नांगरायच्या जमिनीच्या मध्यावर दोन खुंट्या ठोकून सरळ रेषा धरा. पहिलं तास ३ इंच उथळ घ्या, कारण अजून उजव्या चाकाला उतरायला तास नाही. ते वेडंवाकडं आलं तरी जुळवणीला हात लावू नका. टोकाला उजवीकडे वळून परत या आणि दुसऱ्या फेरीची माती पहिल्या मातीला टेकवा, तीही उथळच. तिसऱ्या फेरीला उजवी चाकं पहिल्या तासात उतरवा, ४-५ इंच घ्या. त्यापुढे पूर्ण ६. खोली लिफ्टच्या दांड्याच्या खाचेने धरून ठेवा. नांगर मोकळा सोडला तर तो चाकं फिरेपर्यंत खाली जातो. वळणं नेहमी उजवीकडे, प्रत्येक टोकाला नांगर उचलून.

वेग भरभर चालण्याइतका. त्याहून हळू गेलात तर माती उभी राहते आणि पुन्हा तासात पडते. वेग ठीक असूनही तसं होत असेल तर खोली कमी करा. १० इंची नांगर ६ इंचांपलीकडे नीट पलटत नाही. तासाचा तळ एका बाजूला खोल दिसत असेल तर कल चुकलाय: इंजिन बंद करून, ठोकळ्यांवर चढवून पहिलं माप पुन्हा घ्या. शेतातच पान्याने अंदाजे फिरवू नका. मुळावर किंवा दगडावर नांगर अडला तर लगेच क्लच दाबा. कब कॅडेटमध्ये अशा धक्क्याने ड्राइव्हशाफ्टची पिन तुटते, पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रात पट्टा जळतो. अडकलेला नांगर मागे जाऊन सोडवा, पुढे रेटून नाही.

या जुन्या यंत्रांपैकी अनेकांत सीटखाली सुरक्षा स्विच नसतो. उतरताना न्यूट्रल, नांगर जमिनीवर, इंजिन बंद. काम संपलं की नांगर लगेच पुसून वक्र पत्र्याला ग्रीस फासा. एका दमट रात्रीत घासलेलं सगळं पुन्हा गंजतं.