राउटर दुसऱ्या खोलीत न्यायचाय? आधी वायर बघा

कामाची खोली घराच्या एका टोकाला, राउटर दुसऱ्या टोकाला, मधे दोन जाड भिंती. ऐन मीटिंगमध्ये समोरच्याचा चेहरा गोठतो आणि मग ठरतं, राउटर इकडे आणायचा. आणता येतो. पण राउटर हलवणं म्हणजे डबा उचलणं नव्हे; अडचण सगळी त्याच्यात येणाऱ्या वायरची असते.

त्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटात किंवा जमिनीवर पडलेला असेल, तर तो त्याच खोलीत छातीच्या उंचीवर मोकळ्या जागी ठेवा. धातू, मोठा आरसा आणि पाण्याने भरलेली माशांची टाकी या तिन्ही गोष्टी वायफायला अडवतात. कधीकधी एवढ्यानेच भागतं.

नाहीच भागलं, तर राउटरच्या मागे बघा. फायबर कनेक्शनमध्ये बारीक, बहुधा हिरव्या टोकाची वायर एका छोट्या डब्यात शिरते. तो ओएनटी, फायबरमधल्या प्रकाशाचं नेटच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा (काही जण ओएनयू म्हणतात, घरात सगळे 'मोडेम' म्हणतात). त्यातून लॅन वायर निघून वेगळ्या राउटरला जात असेल, तर तुमचं काम सोपं आहे. ओएनटी आहे तिथेच राहू द्या. फक्त राउटर न्या आणि दोघांमध्ये लांब लॅन केबल टाका. राउटरच्या बाजूला ती 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या पोर्टमध्येच जायला हवी.

फायबरला मात्र स्वतः हात लावू नका. आत केसाएवढी काचेची तार असते. ती कोपऱ्यावर काटकोनात वळवली की प्रकाश बाहेर गळतो, आणि ओढाताण झाली तर तुटतेही. सुटलेल्या टोकात डोकावूनही बघायचं नाही. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. फायबरच हलवायची असेल तर कंपनीच्या माणसाला बोलवा. कनेक्शन टेलिफोन लाइनवरचं असेल आणि दुसऱ्या खोलीत त्याच लाइनचा चालू सॉकेट असेल, तर डबा तिकडे लावून बघता येतो.

आता काढण्याआधीची तयारी. मागच्या सगळ्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. अ‍ॅडॉप्टरवर चिठ्ठी चिकटवा, कारण ओएनटी आणि राउटरचे अ‍ॅडॉप्टर सारखेच दिसतात, पण एक ९ व्होल्टचा आणि दुसरा १२ व्होल्टचा असू शकतो. आणि पिन टोचून दाबायचं ते रिसेटचं भोक, त्याच्या वाटेला जाऊ नका. 'जागा बदलली म्हणजे रिसेट करायला हवं' हा गैरसमज आहे. रिसेट केलं की कनेक्शनचं यूजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं पुसलं जातं. नुसता बंद करून दुसरीकडे चालू केलेला राउटर सगळं लक्षात ठेवतो. फोन आपोआप जोडले जातात.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या. दोन्हींवर १०० मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग मिळतो, तेव्हा घरात लांबीची चिंता नको. माप घेताना हवेतून सरळ रेष धरू नका. केबल भिंतीच्या कडेने जाणार, दाराच्या चौकटीला वळसा घालणार. त्या वाटेने दोरी फिरवा, ती मोजा आणि वर दीड-दोन मीटर जास्त धरा.

पहिल्या दिवशी खिळे ठोकू नका. केबल जमिनीवरून मोकळी सोडा, राउटर नव्या जागी स्टुलावर ठेवा आणि फोन घेऊन घरभर फिरा. वायफायची ताकद दाखवणारी अ‍ॅप्स असतात. आकडा उणे येतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. -५० डीबीएम म्हणजे उत्तम, -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, -८० च्या आसपास रडारड सुरू. घर एकाच मजल्यावर असेल तर अँटेना उभ्या ठेवा, त्यांची लहर आडवी पसरते. जागा मनासारखी मिळाली की मग क्लिपा मारा. विजेच्या वायरीला चिकटवून समांतर नेऊ नका आणि क्लिप केबलला चिमटेल इतकी घट्ट नको.

हे मी ठेच लागून शिकलोय. मी केबल खिडकीच्या चौकटीतून घेतली होती आणि खिडकी रोज तिच्यावर बंद व्हायची. काही दिवसांनी ३०० एमबीपीएसचं कनेक्शन ९४ वर येऊन थांबलं. नेट चालू, दिवे हिरवे, तक्रार करावी तर कोणाकडे? केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात. एखादी तुटली की दोन्ही डबे बहुधा गुपचूप १०० वर उतरतात. स्पीड टेस्ट नेमकी नव्वदीत अडकली तर आधी केबलवर संशय घ्या.

ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतील तर? मग डबा हलवायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. तो तिथेच ठेवा, लॅन पोर्टमधून केबल कामाच्या खोलीत न्या आणि तिथे दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये लावा, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल. जुन्या राउटरमध्ये हा पर्याय नसेल, तर त्याचा डीएचसीपी (जोडलेल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा पण त्याच रांगेतला, दुसऱ्या कोणाला न दिलेला पत्ता द्या (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२), आणि केबल वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घाला. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखा ठेवलात, तर खोली बदलली तरी फोनला नव्याने काही सांगावं लागत नाही.

राउटर हलवलात तर जुन्या खोलीत एक चक्कर टाका. टीव्ही किंवा प्रिंटर तिथे वायरने जोडलेला असेल, तर तो आता पोरका झालाय. त्याला वायफायवर घ्या, नाहीतर संध्याकाळी घरातूनच हाक येईल.