व्हायरसच्या इशाऱ्याचा मेल आलाय? या चुका टाळा

2002 साली एक मेल जगभर फिरला. कॉम्प्युटरमध्ये ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई’ ही फाइल शोधा, करड्या टेडी बेअरचं चित्र दिसलं की समजा व्हायरस आहे. तो 14 दिवस गप्प बसतो, नॉर्टन-मॅकअफी या अँटीव्हायरसनाही सापडत नाही. फाइल उडवा, रिसायकल बिन रिकामा करा, ओळखीच्या सगळ्यांना कळवा. लोकांनी शोधलं, टेडी बेअर खरंच निघाला आणि पटापट उडवला गेला. ती फाइल विंडोजचीच होती, जावा या संगणकी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कामाची.

फाइल सापडली, म्हणजे व्हायरस आहेच

विंडोजबरोबर आलेली फाइल घरोघरी सापडणारच. असल्या मेलची सगळी करामत एवढीच. आधी फाइलचं नाव आणि पुढे ‘होक्स’ (म्हणजे खोटी आवई) असं टाकून गूगलवर शोधा. मग फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे फाइल कुणी बनवली ते सांगणारा ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब दिसला नाही तरी घाबरू नका, विंडोजच्या बऱ्याच फाइलींची सही वेगळ्या कॅटलॉगमध्ये असते. तरीही शंका उरली तर फाइल व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक अँटीव्हायरसनी एकदम तपासणाऱ्या साइटवर, तपासा. मात्र तिथे चढवलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते, त्यामुळे पॅन कार्ड किंवा ऑफिसचे कागद तिथे नकोत.

नुसत्या नावावरून निकाल

याच्या उलटही घडतं. 2001 मध्ये ‘एसयूएलएफएनबीके डॉट ईएक्सई’बद्दल असाच खोटा इशारा आला. विंडोज 98 मध्ये फाइलींची लांब नावं पूर्ववत करणारा तो साधा प्रोग्राम. पण त्याच काळात मॅजिस्टर नावाचा खराखुरा व्हायरस ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामच्या, फाइलींना लागायचा, आणि लागण झालेली हीच फाइल कधी मेलला जोडून यायची. डिस्कवरची निर्दोष, मेलमधून आलेली घातक, नाव मात्र एकच! मेलला जोडून आलेली ईएक्सई उघडायचीच नाही.

भाषेला भुलणं

2006 च्या ‘ऑलिंपिक मशाल’ मेलमध्ये व्हायरस हार्ड डिस्कचा ‘झिरो सेक्टर’ नष्ट करतो, अख्खी डिस्क ‘जाळतो’ अशी धमकी होती. पहिल्या सेक्टरमधली माहिती पुसली जाऊ शकते, धूर निघत नाही. अशा मेलमध्ये तारीख नसते, ‘काल’ असतं. म्हणून तो वर्षानुवर्षं ताजा राहतो. खऱ्या इशाऱ्यात कोणती आवृत्ती, कोणता अपडेट, त्रुटीचा क्रमांक कोणता, हे दिलेलं असतं. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने वापरलेल्या विंडोजमधल्या त्रुटीचा क्रमांक होता सीव्हीई-2017-0144. पडताळणी मेलमधल्या लिंकवरून करू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं संकेतस्थळ स्वतः पत्ता टाइप करून उघडा.

उडवलेली फाइल भलतीकडून आणणं

रिसायकल बिन रिकामा केला नसेल तर तिथूनच ‘रिस्टोअर’ करा. केला असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. दुरुस्ती जमली नाही असा संदेश आला, तर नेट चालू ठेवून ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ चालवा आणि मग पुन्हा एसएफसी. ‘हरवलेल्या फाइली मोफत’ देणाऱ्या साइटवर जाऊ नका, खरा व्हायरस तिथून येऊ शकतो.

मेल पुढे पाठवून बसला असाल तर त्याच लोकांना बीसीसीमध्ये (म्हणजे एकमेकांचे पत्ते दिसणार नाहीत असं) घालून दुसरा मेल टाका. विषयात ‘आधीचा इशारा खोटा होता’ आणि आत फाइल परत कशी आणायची ते लिहा. कुणीतरी ती एव्हाना उडवलेली असते.