माकड गप्प बसलंय म्हणजे निवांत आहे का?

पहिल्या महिन्यातल्या माझ्या वहीत अकरा नंबरच्या पिल्लापुढे ‘निवांत’ असं लिहिलंय आणि खाली दोन रेघा ओढल्यात. बाकीची पिल्लं पिंजरा डोक्यावर घेत होती, ही दीड वर्षाची ऱ्हीसस (लाल तोंडाच्या माकडांची एक जात) मादी तेवढी कोपऱ्यात गप्प. मला तिचं कौतुकच वाटलं होतं. आठवड्याने व्हिडिओ लावून बसले तेव्हा दिसलं की तिची गालाची थैली फुगलेली आहे, तोंडात खाणं आहे, पण जबडा हलत नाहीये. एक हात जाळीवर अर्धवट टेकलेला, तसाच. मान वळत होती, पण घड्याळाचा मिनिटकाटा सरकावा तशी. 52 सेकंद तिने तोंडातला घास चावला नाही.

ती थिजली होती. सगळ्या पिल्लांत सगळ्यात जास्त घाबरलेली तीच होती.

नवीन निरीक्षक आले की मी आधी हा व्हिडिओ दाखवते. पुढचं सगळं त्यांच्यासाठी, आणि माकडांच्या मेंदूवरचे शोधनिबंध वाचणाऱ्यांसाठीही. स्कॅनवरचा रंगीत ठिपका ‘चिंतेचा’ आहे हे कशावरून ठरलं? कुणीतरी तासन्‌तास बसून पिल्लू किती सेकंद हललं नाही ते मोजलं, त्यावरून.

आधी चाचणी नीट समजून घ्या. ऱ्हीसस पिल्लांसाठी खूप वापरली जाते ती परक्या माणसाची चाचणी. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातल्या नेड केलिन आणि स्टीव्हन शेल्टन यांनी ती 1989 साली मांडली. पिल्लाला आईपासून बाजूला काढून एकटं ठेवायचं. मग एक अनोळखी माणूस आत येतो आणि पिल्लाकडे फक्त एका बाजूने चेहरा करून उभा राहतो, नजर देत नाही. तिसऱ्या भागात तोच माणूस थेट डोळ्यांत रोखून बघतो. एकटं असताना पिल्लू ‘कूऽ’ असा लांब सूर काढून आईला बोलावतं. रोखून बघितलं की भुंकतं, अंगावर धावून आल्यासारखं करतं, दात विचकतं. आणि नजर न देणारा माणूस समोर असताना थिजतं.

हा मधला भाग खरा महत्त्वाचा. पिल्लाच्या बाजूने विचार करा: धोका आलाय, पण त्याने मला अजून पाहिलेलं नाही. अशा वेळी हलायचं नाही यात शहाणपण आहे. एकदा नजरानजर झाली की लपण्यात अर्थ उरत नाही, मग आरडाओरडा. चिंतेचं घर या ‘अजून काही झालेलं नाही, पण होईल’ अशा जागेत असतं, म्हणून निरीक्षकानेही सगळ्यात जास्त लक्ष तिथे द्यावं. त्या 1989 च्या प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली. मॉर्फिन दिलं की ‘कूऽ’ कमी झालं, मॉर्फिनचा परिणाम रोखणारं नॅलोक्झोन दिलं की वाढलं. थिजणं आणि भुंकणं मात्र डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाने कमी झालं. म्हणजे आईसाठीची हाक आणि धोक्यासमोरचं वागणं मेंदूतल्या वेगवेगळ्या रसायनांच्या हाती आहे. म्हणून कोडशीटवर (वागणं नोंदवायच्या तक्त्यावर) या सगळ्यांना मिळून ‘घाबरणं’ असा एकच रकाना कधीही ठेवू नका.

परका माणूस व्हायची पाळी तुमच्यावर आली तर साधारण अडीच मीटरवर उभं राहायचं, नजर भिंतीवरच्या एका खुणेवर, आणि पुतळा व्हायचं. सांगायला सोपं आहे. मला एकदा मधेच खोकला आला आणि मान नकळत पिंजऱ्याकडे वळली. पाऊण सेकंद असेल. पिल्लू ताडकन उठून भुंकायला लागलं, आणि त्या दिवसाची नोंद मी स्वतःच्या हाताने काट मारून रद्द केली. लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊ म्हणालात तर तेही नको. तेच पिल्लू, तोच प्रसंग वारंवार झाला की त्याला सवय होते, आणि आपण चिंता मोजायच्या ऐवजी सवय मोजत बसतो. शिवाय हा प्रसंग त्या जिवाला खरोखर त्रासाचा असतो. नोंद नीट घेण्याची तयारी नसेल तर चाचणी लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

थिजणं मोजायचा नियम: शरीर 3 सेकंदांपेक्षा जास्त वेळ न हललेलं, अंग ताठ; डोके संथपणे वळलं तर चालतं. किती वेळा थिजलं यापेक्षा एकूण किती सेकंद थिजलं हे लिहा. फसवणाऱ्या गोष्टी दोन-तीनच आहेत. पेंगणाऱ्या पिल्लाच्या पापण्या जड होतात आणि खांदे ढिले पडतात, थिजलेल्याचे डोळे टक्क उघडे. जमिनीवरचा दाणा निरखणारं पिल्लू स्थिर दिसतं, पण बोटं चाळा करत असतात. शंका आली की जबडा बघा. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, अकरा नंबरने शिकवलं.

दोघांनी स्वतंत्रपणे तोच व्हिडिओ कोड करायचा आणि मग जुळवायचा. टक्केवारीवर खूश होऊ नका, ‘कॅपा’ काढा (योगायोगाने जुळलेलं वगळून उरणारी सहमती मोजणारा आकडा), कारण पिल्लू बहुतेक वेळ एकच गोष्ट करत असेल तर डोळे मिटून लिहिलेल्या दोन वह्यासुद्धा छान जुळतात.

पिंजऱ्याबाहेर, मोकळ्या कळपात, थिजणं क्वचित दिसतं. तिथे खाजवणं मोजा. हे ऐकून नवीन लोक हसतात. पण 1990 च्या दशकात मकाकांना (ऱ्हीसस ज्या गटातलं, त्या माकडांना) लोराझेपाम हे चिंता कमी करणारं औषध देऊन पाहिलं तेव्हा खाजवणं कमी झालं, आणि चिंता वाढवणाऱ्या औषधाने वाढलं. लांब शेपटीच्या मकाकांत भांडण झालं की मार खाल्लेलं माकड पुढची काही मिनिटं जास्त खाजवतं, आणि समेट झाला की ते लवकर खाली येतं. अर्थात उवांनीही खाज सुटते. म्हणून दोन माकडांची तुलना करण्याआधी त्याच माकडाचे शांत वेळचे आकडे हाताशी हवेत. मोजताना जीन ऑल्टमन यांनी 1974 साली नीट घालून दिलेली पद्धत वापरा: एकच माकड निवडायचं आणि ठरलेला वेळ फक्त त्याच्याकडे बघायचं. जे लक्ष वेधून घेईल ते टिपत गेलात तर वहीत फक्त भांडखोर माकडं जमा होतात आणि गप्प बसणारी सगळी गळतात.

आता कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी रक्तात वाढणारं संप्रेरक. याच्यावर लोकांचा नको इतका विश्वास असतो. साखळी अशी: मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक सुटतं, ते पिट्युटरी ग्रंथीला सांगतं, पिट्युटरी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, मग अ‍ॅड्रीनल ग्रंथी कॉर्टिसॉल. याला काही मिनिटं लागतात. म्हणून माकडाला पकडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत रक्त मिळालं तर तो आकडा बहुतांशी आधीचा, त्यानंतर घेतलं तर तुम्ही पकडल्याचा. सकाळी पातळी मुळातच वर असते, तेव्हा एकाचा नमुना सकाळी आणि दुसऱ्याचा संध्याकाळी घेतला असेल तर तुलना विसरा. विष्ठेतून मोजलंत तर तो आकडा आजचा नाही, साधारण कालचा. आणि कॉर्टिसॉल म्हणजे चिंता नव्हे. धावपळ, मीलन, झटापट, सगळ्याने ते वाढतं. रॉबर्ट सापोल्स्की यांनी केनियात ऑलिव्ह बबून या मोठ्या माकडांवर वर्षानुवर्षं काम केलं. कळपातली उतरंड स्थिर असताना खालच्या क्रमांकाच्या नरांची पातळी जास्त असायची. उतरंड डळमळली की वरच्यांचीही चढायची. तेव्हा आकड्याशेजारी कळपात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते लिहिलेलं नसेल, तर तो आकडा मुका.

उंदरांवरची पुस्तकं वाचून आलेल्यांना एक सूचना. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांना पकडणारे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर भरपूर असतात. ऱ्हीसस मकाकाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते फारच कमी सापडले, प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये (कपाळामागच्या मेंदूत) मात्र चांगले आढळतात. 2000 साली हे छापून आलं. ताण माकडाच्या मेंदूत कुठे जाऊन बसतो हे उंदराचा नकाशा पुढे ठेवून ठरवता येत नाही. माकडांवर काम करायचं कारणही हेच: त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग आपल्याशी जितका जुळतो तितका उंदराचा जुळत नाही.

वहीतून मेंदूपर्यंतचा पूल म्हणजे एफडीजी-पेट स्कॅन. यातली युक्ती मला अजूनही भारी वाटते. पिल्लाला किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचतात आणि लगेच परक्या माणसाच्या चाचणीत ठेवतात, सुमारे 30 मिनिटं. मेंदूचा जो भाग राबतो तो जास्त साखर खेचतो, आणि ती पेशींत अडकून बसते. मग भूल देऊन स्कॅन. चित्र झोपलेल्या पिल्लाचं, पण त्यात दिसते ती थोड्या वेळापूर्वीची, जागेपणीची धांदल. म्हणजे स्कॅन आणि माझी वही त्याच अर्ध्या तासाबद्दल बोलतात. अकरा नंबरची माझी चूक तशीच राहिली असती, तर तिचा तापलेला अमिग्डला (मेंदूतला भावनांशी जोडलेला छोटा भाग) ‘निवांत’ या खात्यात जमा झाला असता.

केलिन यांच्या गटाने 2010 साली 238 ऱ्हीसस पिल्लांचे असे निष्कर्ष मांडले. थिजणं, कमी आवाज आणि कॉर्टिसॉल एकत्र करून काढलेला चिंताळू स्वभावाचा गुण अमिग्डलाच्या मध्यवर्ती केंद्रकाच्या आणि हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या टोकाच्या कामाशी जुळला. पण आईबापांकडून येण्याचा भाग हिप्पोकॅम्पसमध्ये जास्त दिसला, अमिग्डलामध्ये कमी. 2015 मध्ये 592 पिल्लांपर्यंत गेले तेव्हा स्वभावाबरोबर वारशाने उतरणाऱ्या भागांत ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सचा (डोळ्यांच्या वरच्या मेंदूचा) पट्टा आणि मेंदूच्या खोडातला एक भागही आला. तेव्हा ‘अमिग्डला म्हणजे भीतीचं केंद्र’ असं कुणी ठोकून दिलं की मी चहाचा कप खाली ठेवते.

जुळणं आणि घडवणं यात फरक करायला शिका. निबंध हातात आला की आधी बघा, मेंदूत नुसतं डोकावलंय की हात घातलाय. हात घातला असेल तर केवढा? क्ल्यूव्हर आणि ब्यूसी यांनी 1930 च्या दशकात ऱ्हीससचे कानशिलांमागचे मोठे भाग काढले, माकडं निर्भय झाली, पण त्याबरोबर इतकं काही गेलं होतं की दोष कुणाचा ते सांगता येईना. पुढे आयबोटेनिक आम्लाने फक्त पेशी मारून आरपार जाणारे तंतू राखता आले. 2004 साली तसं फक्त मध्यवर्ती केंद्रक निकामी केल्यावर थिजणं कमी झालं. 2016 साली उलट दिशेने, विषाणूच्या वाहनातून त्याच भागात सीआरएच वाढवलं, तेव्हा चिंताळूपणा वाढला. दोन्ही बाजूंनी बोट तिथेच जातं, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

पुढच्या कॉर्टेक्सचं चित्र इतकं सरळ नाही. अ‍ॅन ग्रेबिएल आणि केन-इची आमेमोरी यांनी 2012 साली माकडांपुढे सौदा ठेवला: पडद्यावर दोन रंगांच्या पट्ट्या, एकीची लांबी म्हणजे बक्षीस, दुसरीची म्हणजे तोंडावर हवेचा झोत. अँटिरियर सिंग्युलेट कॉर्टेक्सच्या (पुढच्या मेंदूचा आतल्या बाजूचा भाग) एका लहान जागी विजेची हलकी चेतना दिली की माकड चांगला सौदाही नाकारू लागे. डायझेपाम दिल्यावर तो परिणाम गेला. केंब्रिजमध्ये अँजेला रॉबर्ट्स यांच्या गटाने मात्र मार्मोसेट या छोट्या माकडांच्या कपाळामागचे काही भाग निकामी केले तर ती जास्त चिंताळू झाली. म्हणजे एका ठिकाणी ढोसलं की काळजी वाढते, दुसरीकडे काढून टाकलं की वाढते. ‘पुढचा मेंदू भीतीला लगाम घालतो’ हे वाक्य वाचलं की कुठला पुढचा, असं समासात लिहायची सवय लावा.

माझ्या कोडशीटवर आता एक रकाना जास्त आहे, तो कुठल्याही छापील चाचणीत नाही. परका माणूस बाहेर गेला, दार लागलं, की मी घड्याळ चालू ठेवते. काही पिल्लं दहा सेकंदांत उड्या मारायला लागतात. अकरा नंबरच्या पुढे लिहिलंय: 3 मिनिटं 40 सेकंद, मग चावायला लागली.