थंडीतले अर्धवट प्रकल्प आणि एक कमिट
डिसेंबरात नाशिककडे रात्री पारा उतरला की कीबोर्डवरची बोटे आखडतात आणि दोन-तीन हौशी प्रोग्रामिंग प्रकल्पांपैकी हातातला मध्येच सोडून माणूस गोधडीत शिरतो. चार दिवसांनी परतल्यावर मात्र कुठे थांबलो होतो हे आठवण्यातच अर्धा तास जातो. म्हणून लॅपटॉप मिटण्यापूर्वी अर्धवट काम ‘गिट स्टॅश’मध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’च्या तात्पुरत्या कप्प्यात, कोंबू नये (ते पुश करताना, म्हणजे सर्व्हरवर पाठवताना, सोबत जात नाही आणि बहुधा विसरलेही जाते), तर वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या स्वतंत्र शाखेवर, कमिट करून (बदलांची कायम नोंद करून) त्या नोंदीच्या संदेशात पुढची पायरी लिहावी: ‘तारीख रिकामी असल्यास पार्सर कोसळतो, आधी ते पाहणे.’ (पार्सर म्हणजे मजकूर वाचून त्याचे घटक वेगळे करणारा कोड.) त्याच मुद्द्यावर कोड तपासणारी, सध्या नापास होणारी चाचणी सोबत ठेवल्यास अधिक उत्तम. पुढच्या वेळी कामाला बसल्यावर ‘गिट लॉग’मधील, म्हणजे कमिटांच्या यादीतील, सर्वांत वरची नोंद वाचून थेट कामाला लागता येते.