मंदीतील अमेरिकी सेंट आणि निकेल : खरेदीपूर्वीची तयारी

महामंदीत अमेरिकेतले व्यवहार आटले, सुट्या पैशांची मागणी घटली आणि टांकसाळींनी लहान नाणी पाडणे बरेच कमी केले. म्हणूनच १९३१ ते १९३३ या तीन वर्षांची नाणी संग्राहकांना आजही सहजासहजी मिळत नाहीत. पहिले काम म्हणजे वर्ष आणि टांकसाळ यांनुसार आपली यादी कागदावर उतरवणे. १९३२ आणि १९३३ मध्ये पाच सेंटांचे निकेल किंवा दहा सेंटांचे डाइम पाडलेच गेले नाहीत, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत १९३२ ते १९३४ या काळात एक सेंटही पाडला गेला नाही. तेव्हा या वर्षांचे असे नाणे कोणी पुढे केले, तर तिथून काढता पाय घ्यावा.

यादीत सर्वांत वर १९३१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा लिंकन सेंट (अब्राहम लिंकन यांची छबी असलेला एक सेंट) असावा. तो अवघा ८,६६,००० इतकाच पाडला गेला, त्याच वर्षीचा डेन्व्हरचा सेंट ४४,८०,००० आणि फिलाडेल्फियाचा जवळपास १ कोटी ९४ लाख. मात्र दर ठरवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे नाणे कमी पाडले गेल्याची कुणकुण तेव्हाच्या व्यापाऱ्यांना वेळीच लागली होती आणि त्यांनी त्याचे रोलच्या रोल (कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या गुंडाळ्या) बाजूला काढून ठेवले. त्यामुळे चलनात न आलेली नाणी अपेक्षेपेक्षा जास्त शिल्लक आहेत, आणि गुळगुळीत झालेल्या नाण्याच्या व कोऱ्या नाण्याच्या किमतीतले अंतर इतर दुर्मीळ सेंटांच्या मानाने कमी असते. माझ्या मते थोडे थांबून, चार पैसे जास्त टाकून चांगल्या दर्जाचेच नाणे घ्यावे.

यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा सोबत असणे आवश्यक आहे. खऱ्या सेंटचे वजन सुमारे ३.११ ग्रॅम आणि व्यास १९ मिलिमीटर असतो. परंतु फसवणूक बहुधा वजनात नसते, कारण फिलाडेल्फियाच्या अस्सल सेंटवरच वर्षाखाली ‘एस’ हे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे अक्षर चिकटवून तो सॅन फ्रान्सिस्कोचा म्हणून खपवला जातो. म्हणून भिंग थेट त्या अक्षराच्या पायथ्याशी न्यावे आणि नाणे उजेडात हळूहळू फिरवावे. अस्सल अक्षर साच्यातूनच उठलेले असल्याने पृष्ठभागाशी एकजीव दिसते. चिकटवलेल्याच्या कडेला बारीक फट, डिंकाचा अंश किंवा रंगातला फरक आढळू शकतो. प्रमाणित नाण्याचे मोठे छायाचित्र जवळ ठेवून अक्षराची जागा आणि कल ताडून पाहावा, आणि तरीही मन साशंक असेल तर पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्थांच्या सीलबंद पेटीतलेच नाणे घ्यावे. त्या पेटीचा क्रमांकही संस्थेच्या नोंदीशी जुळवून पाहावा, कारण पेट्याही नकली निघतात.

निकेलमध्ये १९३१ चे सॅन फ्रान्सिस्कोचे बफेलो नाणे (मागे रानगव्यासारख्या बायसनचे चित्र असलेले निकेल) हवे, ज्याची संख्या १२,००,००० आहे. ते आणखी कितीतरी दुर्मीळ झाले असते, पण साठेबाजी होईल या धास्तीने टांकसाळीच्या प्रभारी संचालक मेरी ओरायली यांनी वर्षअखेरीस आणखी नाणी पाडायला लावली. या नाण्यावर वर्ष उंचवट्यावर असल्याने ते सर्वांत आधी झिजते. आम्ल लावून उठवलेले वर्ष खरबरीत दिसते, असे नाणे घेऊ नये. टांकसाळीचे अक्षर मागील बाजूस ‘फाइव्ह सेंट्स’च्या खाली असते.

घरी नाणे कडेने धरावे. ते घासू नये, चिंच किंवा लिंबूही लावू नये. चकचकीत केलेल्या तांब्याची किंमत घसरते. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशवीऐवजी मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक पातळ पत्र्याची) पिशवी किंवा कडक प्लास्टिकची डबी वापरावी, कारण पीव्हीसीचा हिरवट चिकट थर कालांतराने तांबे खातो. पावती, दर्जा, किंमत आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे त्याच दिवशी वहीत नोंदवून ठेवावीत.