शेवटच्या बॉससमोर पुन्हा पुन्हा हरता? बुलेट हेल खेळणाऱ्यांनो, या चुका टाळा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागातील बुलेट हेल प्रकारचे व्हिडिओ गेम खेळणारी अनेक मुले माझ्याकडे ‘शेवटचा बॉस (खेळातला अखेरचा मोठा शत्रू) काही केल्या पडत नाही’ अशी तक्रार घेऊन येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची बोटे चपळ असतात, नजर तीक्ष्ण असते आणि चिकाटीही असते. तरीही ती हरतात. त्याची कारणे इतकी ठरावीक झाली आहेत, की एखाद्याचा खेळ थोडा वेळ मागे उभे राहून पाहिला तरी तो कुठे मरणार हे मला आधी कळते. बुलेट हेल प्रकारात पडद्यावर एकाच वेळी शेकडो गोळ्या असतात हे खरे, परंतु खेळाडूच्या यानाचा किंवा पात्राचा ज्या भागाला गोळी लागते तो भाग, म्हणजे हिटबॉक्स, अवघ्या काही पिक्सेलांचा असतो. खेळ रचणाऱ्याने वाट ठेवलेली असते. ती वाट दिसण्याआधीच घाबरून केलेली हालचाल आणि हातात असलेले साधन वेळेवर न वापरणे, या दोन गोष्टींनीच नवशिक्यांचा घात होतो.

बॉम्ब साठवून ठेवणे

बॉम्ब म्हणजे अडचणीत पडद्यावरच्या गोळ्या साफ करणारे, मोजकेच मिळणारे साधन. तो साठवून ठेवण्याची चूक मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

माझा भाचा मूळचा खानापूरचा. उद्यमबागेत इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी तो वडगावात आमच्याकडे राहतो. पावसाळ्यात त्याने तौहौ या जपानी बुलेट हेल मालिकेतील ‘एम्बॉडिमेंट ऑफ स्कार्लेट डेव्हिल’ हा 2002 सालचा खेळ नॉर्मल पातळीवर खेळायला घेतला. सहाव्या टप्प्यातील रेमिलिया ही त्याची शेवटची बॉस. तिथपर्यंत तो चांगला पोहोचत असे आणि तिच्यासमोर मात्र रोज कोसळत असे. एका संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसून फक्त पडद्याची उजवी बाजू पाहिली. तिथे शिल्लक लाइफ आणि शिल्लक बॉम्ब ताऱ्यांच्या रूपात दिसतात. त्याची एक लाइफ गेली तेव्हा बॉम्बचे तीनही तारे जागेवर होते. दुसरी गेली तेव्हाही तीन होते आणि तिसरी गेली तेव्हाही तीनच. त्या खेळात नवीन लाइफबरोबर बॉम्बची संख्या पुन्हा तीनवर येते, मागचे शिल्लक बॉम्ब त्यात मिळवले जात नाहीत. म्हणजे तीन लाइफमधील नऊच्या नऊ बॉम्ब त्याने न वापरताच घालवले होते.

मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, बॉम्ब टाकला तर स्पेल कार्डचा बोनस जातो की.”

“बोनस नंतर मिळव. आधी तिला पाड.”

“आणि पुढे खरंच गरज लागली तर?”

“अरे, पुढे काही नाही. शेवट तो हाच.”

त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. बॉम्ब टाकल्यावर त्या स्पेल कार्डचा, म्हणजे बॉसच्या नाव असलेल्या खास हल्ल्याचा, बोनस मिळत नाही, हे बरोबर आहे. परंतु ज्याने एकदाही बॉस हरवलेला नाही, त्याने बोनसचा हिशेब करण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी मी कीबोर्डशेजारी एक वही ठेवली आणि प्रत्येक हल्ल्याखाली तो नेमका केव्हा मरतो ते लिहायला लावले. रेमिलियाच्या शेवटच्या हल्ल्यात मोठे लाल गोळे सुटतात आणि जाताना मागे बारीक गोळ्यांची माळ सोडतात. या बारीक गोळ्या आधी जागीच थांबलेल्या असतात आणि थोड्या वेळाने हळूहळू चोहीकडे सरकू लागतात. भाचा मोठ्या गोळ्यांकडे पाहत राही आणि आधीच्या फेरीतील बारीक गोळ्या बाजूने येऊन त्याला गाठत. वहीत एकाच जागेची नोंद पुन्हा पुन्हा दिसू लागल्यावर त्या जागेच्या किंचित आधी ‘इथे बॉम्ब’ असे आम्ही लिहिले आणि तो आदेश समजून पाळायचा, अडकलो की नाही याचा त्या क्षणी विचारही करायचा नाही, असे ठरवले. ज्या रात्री रेमिलिया पडली, त्या रात्री वहीत लिहिलेला प्रत्येक बॉम्ब खर्च झाला होता आणि बाहेर विणकरांच्या मागांचा खडखडाट थांबलेला असल्यामुळे त्याची आरोळी अर्ध्या गल्लीला ऐकू गेली.

तौहौमध्ये गोळी लागल्यानंतरही काही फ्रेमपुरता बॉम्ब टाकून वाचण्याची मुभा असते. अनेक जण हे कळल्याबरोबर तिच्यावरच विसंबतात. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रे, दाखवणाऱ्या खेळात एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची असते, त्यामुळे ही मुभा डोळा मिटण्याआधी संपते. तिला योजनेत जागा देऊ नये.

गोळी आली की पळत सुटणे

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती चपळ मुलेच जास्त करतात. बॉसच्या गोळ्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. काही तुमच्यावर नेम धरून येतात, काही तुम्ही कुठेही असा, ठरलेल्या दिशेनेच जातात आणि काही यदृच्छेने सुटतात. हा फरक न ओळखता सगळ्यांपासून सारखेच पळणे म्हणजे स्वतःची वाट स्वतः बंद करणे होय.

नेम धरून येणारी गोळी ती सुटली त्या क्षणी तुम्ही जिथे होता तिथे जाते. तुम्ही डावीकडून उजवीकडे झेप घेतली, की पुढच्या गोळ्या उजवीकडे येतात, पुन्हा डावीकडे धावलात की डावीकडेही येतात आणि थोड्याच वेळात सबंध पडदा तुमच्याच धावपळीने भरून जातो. अशा वेळी एकाच दिशेने अगदी थोडे थोडे, बटणाला हलका स्पर्श करत सरकावे. सगळ्या गोळ्या मागे एका पट्ट्यात जात राहतात. कडेला पोहोचण्याआधी एकदाच झटकन मोठी उडी घेऊन त्या पट्ट्यात खिंड पाडावी आणि तिच्यातून उलट दिशेला वळावे. कड येईपर्यंत थांबलात तर वळायला जागाच उरत नाही.

पंख्यासारख्या पसरणाऱ्या नेमाच्या गोळ्यांत आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे त्यांची संख्या. तीन, पाच, सात अशी विषम असेल तर मधली गोळी थेट तुमच्यावर येते आणि किंचित बाजूला सरकावे लागते. सम असेल तर तुम्ही मधल्या फटीत असता आणि काहीही न करता उभे राहिलात तरच वाचता. इथे हललेला मरतो. ज्याला ही एक गोष्ट कळली, त्याचे निम्मे मरण टळते, असा माझा अनुभव आहे. तरीही नवशिक्याला ‘उभा राहा’ असे सांगितले की तो ते खेळणेच नव्हे असे समजतो.

माझी स्वतःची सवय अशी, की नवा हल्ला पहिल्यांदा समोर आला की मी गोळीबाराचे बटण सोडून देतो आणि फक्त पाहतो. कोणत्या गोळ्या माझ्यामागे येतात आणि कोणत्यांना माझे काही देणेघेणे नाही, एवढेच शोधतो. त्यात एखादी लाइफ गेली तरी ती खर्ची पडली असे मी मानत नाही. तौहौच्या बहुतेक हल्ल्यांना वेळेची मर्यादा असते, ती संपली की बॉस न पडताही पुढचा हल्ला सुरू होतो. फार कठीण हल्ल्यात नुसते टिकून राहणे हाही वैध मार्ग आहे. ‘पर्फेक्ट चेरी ब्लॉसम’ या 2003 सालच्या तौहौ खेळात युयुको या शेवटच्या बॉसच्या अखेरच्या हल्ल्यात तर तिच्यावर गोळ्या झाडून उपयोगच नसतो, घड्याळ संपेपर्यंत जिवंत राहावे लागते.

कंटिन्यू दाबत शेवट गाठणे

सगळ्या लाइफ संपल्यावर कंटिन्यू निवडून तिथूनच पुढे खेळत राहायचे, या आडवाटेचा मला मनापासून तिटकारा आहे. कंटिन्यू घेत घेत रेमिलियाला पाडले, तर खेळ वाईट शेवट दाखवतो आणि एक्स्ट्रा हा जादा टप्पाही उघडत नाही. कंटिन्यू दाबणारा शेवटच्या बॉससमोर पोहोचतो तेव्हा त्याला आधीच्या टप्प्यांचेही काही आलेले नसते. ईझी पातळीवर खेळण्यात कमीपणा नाही, मात्र या विशिष्ट खेळात ईझी पाचव्या टप्प्यावरच संपतो, त्यामुळे शेवट पाहण्यासाठी नॉर्मल खेळावाच लागतो.

बॉससाठी रोज पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करणे ही याच्या उलट टोकाची चूक आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात उतरण्यापूर्वी पैलवान तालमीत एकच डाव महिनोन्‌महिने घोटतो, तसा हल्ला सुटा काढून घोटावा. पोहोचलेल्या टप्प्यांसाठी प्रॅक्टिस मोड असतो, 2004 सालच्या ‘इम्पेरिशेबल नाइट’मध्ये तर एकेक स्पेल कार्ड वेगळे खेळता येते, आणि केव्ह कंपनीच्या ‘मुशिहिमेसामा’च्या संगणक आवृत्तीतही सरावाची सोय आहे. ज्यांना तेवढाही धीर नाही, त्यांनी लुनॅटिक या अतिशय कठीण पातळीचे व्हिडिओ पाहून तीच पातळी निवडण्याचा हट्ट तरी धरू नये.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

नजर स्वतःच्या पात्रावर खिळवू नये, ती पात्राच्या थोडी वर, येणाऱ्या गोळ्यांवर असावी. खालच्या कोपऱ्यात जाऊन बसू नये, कारण तिथून सुटण्याच्या निम्म्या दिशा आधीच बंद असतात. फोकसचे, म्हणजे पात्राचा वेग कमी करणारे, बटण सतत दाबून ठेवू नये, ते बारीक फटीसाठी असते आणि मोठे अंतर कापताना सोडायचे असते.

एका खेळाचे पथ्य दुसऱ्याला लावू नये. ‘बॅटल गरेगा’ या 1996 सालच्या खेळात तुम्ही जितके झाडता आणि गोळा करता, तितका खेळ कठीण होत जातो आणि लाइफ गेली की तो सौम्य होतो, म्हणून जाणते खेळाडू तिथे मुद्दाम मरतात. ‘डोडोनपाची’ (1997) मध्ये खेळ संपल्यावर मिळणाऱ्या दुसऱ्या, अधिक कठीण फेरीच्या शेवटी हिबाची नावाची मधमाशी ही बॉस असते आणि दुसरी फेरी मिळवण्यासाठीच आधी ठरावीक अटींपैकी एखादी पूर्ण करावी लागते. तिथे एकही अट न पाळणाऱ्याला तिचे दर्शनही होत नाही.

खेळाचा दोष नसताना हरणे

मोठ्या टीव्हीला लॅपटॉप जोडून खेळत असाल, तर टीव्हीतील गेम मोड चालू करावा, अन्यथा चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेत काही फ्रेमचा उशीर होतो आणि पात्र जड वाटते. विंडोजवर शिफ्टचे बटण लागोपाठ पाच वेळा दाबले, की स्टिकी कीजची चौकट मध्येच उगवते. तौहौमध्ये शिफ्टनेच फोकस होत असल्यामुळे हे हमखास बॉसच्या वेळीच घडते, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट कायमचा बंद करावा. स्वस्त कीबोर्डवर काही तीन-चार बटणे एकत्र दाबली की त्यांतील एक नोंदलेच जात नाही. शिफ्ट, झेड (गोळीबाराचे बटण), वर आणि डावीकडे ही चारही एकाच वेळी दाबून पात्र तिरके जाते का ते पहिल्या टप्प्यातच तपासावे आणि जात नसेल, तर बटणे बदलावीत किंवा साधा गेमपॅड घ्यावा.