ठाण्याहून अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा: फॉर्मपासून खिडकीपर्यंत

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली घरं घोडबंदर रोडच्या नाहीतर खारघर-नेरुळच्या सोसायट्यांमध्ये शोधावी लागत नाहीत. अशा घरात आईबाबांच्या व्हिसाची तयारी बहुतेक वेळा एकाच पद्धतीने सुरू होते. आधी एक जाडजूड फाईल विकत आणली जाते. तिच्यात फ्लॅटचं इंडेक्स टू, गावच्या जमिनीचा सातबारा, एफडीच्या पावत्या, सीएचं सर्टिफिकेट आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सुचवलेलं आणखी काहीबाही जमा होतं. फॉर्म मात्र मुलगा तिकडे ऑफिसातून आल्यावर घाईघाईत भरून टाकतो.

हे नेमकं उलटं आहे. मुलाखतीला कॉन्सुलेटच्या, म्हणजे अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या, खिडकीमागच्या अधिकाऱ्यासमोर तुमची फाईल नसते, तुमचा फॉर्म असतो. मुलाखत बऱ्याचदा दोन-तीन मिनिटांत आटोपते. तेवढ्या वेळात फॉर्मवरचा माणूस आणि समोर उभा असलेला माणूस एकच वाटतो का, हे त्याला ठरवायचं असतं. म्हणून इथे फॉर्मबद्दल जास्त आणि फाईलबद्दल कमी लिहिलं आहे. हे सगळं भेटीगाठीच्या आणि पर्यटनाच्या, म्हणजे बी१/बी२ व्हिसाबद्दल आहे. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या व्हिसाची गोष्ट वेगळी.

आधी पासपोर्ट

मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी उरकून घ्या. ठाणेकरांना त्यासाठी वागळे इस्टेटचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. जुना पासपोर्ट टाकू नका, त्यावरचे जुने व्हिसे आणि शिक्के फॉर्म भरताना लागतात.

मग नाव बघा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदरी रीत. पासपोर्टवर मधलं नाव बहुधा पहिल्या नावाला जोडून 'दिलेलं नाव' या रकान्यात असतं. फॉर्मवर ते तसंच्या तसं उतरवायचं. आधारवर काय आहे, बँकेत काय आहे, याचा इथे संबंध नाही. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर ते एकच नाव फॉर्मवर आडनावाच्या जागी येतं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) ही तीन अक्षरं इंग्रजीत लिहायची.

जन्मतारखेचंही तेच. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली पिढी अजून आपल्यात आहे. घरात वाढदिवस गोकुळाष्टमीला होत असला तरी फॉर्मवर पासपोर्टवरचीच तारीख जाणार, आणि खिडकीवर विचारलं तर तोंडातूनही तीच यायला हवी.

डीएस-१६०

डीएस-१६० म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म. तो ऑनलाइन आणि इंग्रजीत भरायचा असतो. फक्त पूर्ण नाव एका जागी मातृभाषेच्या लिपीत मागतात, तिथे देवनागरीत लिहा. सुरुवातीला मिळणारा अर्ज क्रमांक आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर वहीत टिपून ठेवा. साधारण वीस मिनिटं काही हालचाल झाली नाही तर पान बंद पडतं, म्हणून प्रत्येक पानानंतर सेव्ह करा. एका बैठकीत संपवायचा अट्टहास नको. मुलगा तिकडून भरणार असेल तर फोनवर प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवायला सांगा आणि उत्तर तुम्ही द्या. शेवटी 'फॉर्म भरायला कुणी मदत केली का' असा प्रश्न आहे. केली असेल तर 'हो' म्हणून त्या माणसाचं नाव द्यायचं. त्यात कमीपणा काही नाही. शेवटचं सबमिट मात्र अर्जदाराने स्वतःच्या हाताने करायचं असतं.

जिथे आपली माणसं अडखळतात त्या जागा ठरलेल्या आहेत.

'पूर्वी दुसरं नाव होतं का?' आपल्या आयांच्या बाबतीत याचं उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' असतं. लग्नानंतर आडनाव बदललं, अनेकींचं तर तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलं नावही बदललं. माहेरचं नाव इथे लिहायचं.

'पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला का?' दहा-बारा वर्षांपूर्वी नाकारला असेल तरी लिहा. त्यांच्याकडे नोंद असतेच. 'कुणी तुमच्यासाठी स्थलांतराचा अर्ज केला आहे का?' भावाने किंवा मुलीने ग्रीन कार्डासाठी अर्ज टाकला असेल तर तोही सांगायचा. नकार मिळाला तरी पुन्हा अर्ज करता येतो. खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. एवढा फरक लक्षात ठेवला की लपवण्याचा मोह आपोआप गळतो.

गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात. बाबांचं फेसबुक कधीच उघडत नसले तरी असेल तर लिहा. अर्जदाराच्या स्वतःच्या आईवडिलांच्या जन्मतारखा विचारतात. ठाऊक नसतील तर 'माहीत नाही'चा पर्याय दिलेला आहे, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका.

किती दिवस राहणार, हा प्रश्न सगळ्यात बेसावधपणे भरला जातो. 'व्हिसावर सहा महिने राहता येतं, मग सहा महिनेच लिहू' असं घरोघरी ठरतं. निवृत्त जोडप्याचं ठीक आहे. बाबा अजून नोकरीत असतील किंवा दुकान चालवत असतील, तर सहा महिन्यांची रजा कुणी दिली, हा प्रश्न कुणालाही पडेल. खरोखर जितकं राहणार तितकंच लिहा.

कारणही खरंच लिहा. मुलीचं बाळंतपण असेल तर एजंट सांगतो, 'ते बोलू नका, नायगारा बघायला चाललोय म्हणा.' असल्या सल्ल्याचा मला मनापासून राग आहे. पासष्टीच्या बाईने अधिकाऱ्याला नायगाऱ्याची पाठ केलेली गोष्ट सांगायची, आणि त्याने 'मुलगी कशी आहे' एवढं विचारलं की गडबडायचं! नातवंड येणार आहे, मुलीला भेटायला चाललोय, हे सांगण्यासारखंच कारण आहे.

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. चष्मा काढून. स्टेशनजवळच्या बहुतेक स्टुडिओंना 'यूएस व्हिसा साइज' म्हटलं की कळतं. सॉफ्ट कॉपीही मागून घ्या.

फी आणि तारीख

माणशी १८५ डॉलर, त्यांच्या ठरलेल्या दराने रुपयांत. व्हिसा मिळो न मिळो, परत मिळत नाहीत. तारखा दोन घ्याव्या लागतात. आधी बोटांचे ठसे आणि फोटोसाठी व्हिसा अर्ज केंद्राची, मग कॉन्सुलेटमधल्या मुलाखतीची. मुंबईत दोन्ही ठिकाणं बीकेसीतच, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातच आहेत. तारीख घेताना टाकलेला डीएस-१६० चा कन्फर्मेशन क्रमांक आणि तुम्ही सोबत नेणार त्या पानावरचा क्रमांक एकच हवा. मध्येच फॉर्म नव्याने भरलात तर क्रमांक बदलतो, आणि तो तारखेच्या खात्यातही बदलून घ्यावा लागतो.

जानेवारी २०२५ पासून तारीख एकदाच फुकट बदलून मिळते, त्यानंतर फी पुन्हा भरावी लागते. तेव्हा घरातलं लग्न, मोतीबिंदूचं ऑपरेशन, गणपती हे सगळं कॅलेंडरवर बघूनच स्लॉट धरा. सप्टेंबर २०२५ पासून ७९ वर्षांवरच्यांनाही सर्वसाधारणपणे मुलाखतीला जावं लागतं. 'आजोबांना मुलाखत नसते' ही जुनी माहिती झाली.

लवकरची तारीख काढून देतो म्हणणाऱ्याला आपल्या खात्याचा पासवर्ड देऊ नका. मार्च २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने बॉटच्या, म्हणजे आपोआप बुकिंग करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने घेतलेल्या सुमारे २,००० अपॉइंटमेंट रद्द केल्या होत्या.

फाईल, थोडक्यात

नवा-जुना पासपोर्ट, डीएस-१६० चं कन्फर्मेशन पान, अपॉइंटमेंटचं पत्र, एक फोटो. हे हवंच. त्यामागे पेन्शनची किंवा पगाराची स्लिप, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, बँकेचं स्टेटमेंट, नोकरीत असाल तर रजेचं पत्र, मुलाच्या व्हिसाची आणि पगाराची प्रत. सातबारा ठेवायचा तर ठेवा, पण बघितला जाईल ही अपेक्षा नको. सीएकडून हजारो रुपये मोजून मालमत्तेचं मूल्यांकन करून घेण्याची गरज नाही.

बीकेसीचा दिवस

ठाण्याहून मध्य रेल्वेने, वाशी-नेरुळहून हार्बरने कुर्ल्याला या. पश्चिमेला उतरून रिक्षा किंवा बस. गाडीने येणार असाल तर चुनाभट्टी-बीकेसी उड्डाणपूल सोयीचा आहे. पावसाळ्यात मात्र कुर्ला-शीव पट्ट्यात पाणी भरलं की लोकलही अडकते आणि रस्ताही. अशा दिवसांत सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्री दादर-वांद्र्याकडच्या नातेवाइकांकडे मुक्काम टाकलेला बरा.

फोन, स्मार्टवॉच, पॉवर बँक, पिशवी यांपैकी काही आत नेता येत नाही आणि कॉन्सुलेटमध्ये ते ठेवायची सोय नाही. सोबत आलेल्याकडे द्या किंवा घरीच ठेवा. फोन नसला की यूपीआयही नाही, हे घरून निघताना कुणाच्या ध्यानात येत नाही. खिशात परतीपुरते सुटे पैसे ठेवा, कागदावर दोन नंबर लिहा आणि मुलाखत झाल्यावर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा.

खिडकीसमोर

मुंबईत मराठीत मुलाखत देता येते. विचारलं की 'मराठी' म्हणून सांगा. तोडक्या इंग्रजीत 'आय गो सन हाउस' म्हणण्यापेक्षा 'मुलाकडे चाललोय, तो न्यू जर्सीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे' हे शतपटीने चांगलं.

प्रश्न साधे असतात. कुणाकडे चाललात, ते काय करतात, किती दिवस, खर्च कोण करणार, तुम्ही काय करता किंवा कुठून निवृत्त झालात, इथे आणखी कोण आहे, आधी परदेशी गेलात का. उत्तरं पाठ करू नका, माहिती ताजी ठेवा. मुलाच्या कंपनीचं आणि शहराचं नाव, तो कोणत्या व्हिसावर आहे, हे दोघांनाही सांगता यायला हवं. दोघांनाही, हे मुद्दाम लिहितोय. आपल्याकडे बाईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर साहेब देऊन मोकळे होतात. तसं करू नका. आईंनी घरी दोन-तीन संध्याकाळी सूनबाईशी किंवा शेजारच्या कुणाशी याच प्रश्नांवर बोलून घ्यावं, म्हणजे काचेपलीकडून माइकवर आवाज आला तरी बिचकायला होत नाही. ऐकू आलं नाही तर 'परत सांगता का' म्हणा. अंदाजाने 'हो' म्हणण्यातून भलतंच होऊन बसतं.

विचारल्याशिवाय कागद पुढे सरकवू नका. एका वाक्यात उत्तर द्या आणि थांबा.

नंतर

मंजूर झालं तर पासपोर्ट तिथेच ठेवून घेतात. तो केंद्रावरून आणता येतो किंवा पैसे भरून घरपोच मागवता येतो. हातात आल्याबरोबर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक तपासा. विमानाची तिकिटं त्यानंतरच काढा.

अमेरिकी कायद्याच्या २१४(बी) कलमाचा कागद मिळाला, तर तुम्ही परत याल याची अधिकाऱ्याला खात्री पटली नाही असा त्याचा अर्थ. त्यावर अपील नसतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण फी नव्याने. दुसऱ्या आठवड्यात तोच फॉर्म घेऊन जाण्यात काही हशील नाही. काही बदललं असेल किंवा पहिल्या वेळी काही नीट सांगता आलं नसेल, तरच जा. २२१(जी) म्हणजे नकारावर शिक्कामोर्तब नव्हे. आणखी कागद किंवा चौकशी बाकी आहे. मागितलं असेल तेवढंच, सांगितलेल्या पद्धतीने द्या.

व्हिसावर दहा वर्षांची मुदत दिसली म्हणून दहा वर्षं राहता येत नाही. प्रत्येक वेळी किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत असते. उतरल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच मुलाकडून ती छापून घ्या आणि परतीचं तिकीट तिच्या आतलं आहे ना, ते पाहा.